टेम्पो सुरू झाला आणि देखाव्यातले एलईडी गेले : चूक कोडमध्ये नव्हती, करंटमध्ये होती

मागच्या वर्षीची अनंत चतुर्दशी. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा गणपती टेम्पोत बसला होता. मूर्तीच्या मागे पुठ्ठ्याची मोठी प्रभावळ, आणि त्या प्रभावळीत ७२ पांढरे एलईडी. उजेड हळूहळू वाढणार, हळूहळू कमी होणार, जणू प्रभावळ श्वास घेतेय. हे सगळं केलं होतं माझ्या मामेभावाने. पठ्ठ्या इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. दहा दिवस मंडपात सगळं झकास चाललं, रील्स झाल्या, कॉलर टाईट.

मिरवणुकीत कुणीतरी म्हणालं, "अरे, बाहेर उजेड आहे, दिसत नाहीये, फुल कर." त्याने फुल केलं. टेम्पोचं इंजिन तर सुरूच होतं. तासाभरात आधी प्रभावळीचा पांढरा रंग निळसर झाला. मग एकेक पट्टा जायला लागला. चौक येईपर्यंत प्रभावळ दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती.

त्या रात्री पोरगं लॅपटॉप उघडून बसलं आणि कोड तपासत राहिलं. कोडमध्ये काही चूक नव्हती. कोडमध्ये चूक असणं शक्यच नव्हतं, कारण जे बिघडलं ते कोडच्या हातातच नव्हतं.

मी मास कॉमवाली. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे म्हणजे डिझाईन असतं, असं मला परवापरवापर्यंत वाटायचं. पण या भानगडीत मी त्याच्यासोबत तपकीर गल्लीत चार चकरा मारल्या, डोकं खाल्लं, आणि शेवटी जे समजलं ते इथे सांगतेय. तुम्ही आर्डुइनो कधी हातात घेतला नसेल तरी चालेल. घरात एलईडी बल्ब असेल तर हा विषय तुमचाही आहे.

एलईडी हा बल्ब नाही, सांडवा आहे

जुना पिवळा बल्ब आठवा. व्होल्टेज कमी झालं की तो मंद व्हायचा, वाढलं की जोरात पेटायचा. सगळं आपलं सरळ, हिशेबात. एलईडीचं तसं नाही.

भुशी डॅम डोळ्यांसमोर आणा. पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत येईपर्यंत पायऱ्या कोरड्या. धरण नव्वद टक्के भरलं काय आणि पंचाण्णव टक्के भरलं काय, खाली एक थेंब नाही. पण पाणी माथ्याच्या वर वीतभर चढलं की पायऱ्यांवरून जो लोंढा सुटतो, तो तुम्ही पाहिलेला आहे. एलईडीचा माथा म्हणजे त्याचं ठरलेलं व्होल्टेज. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट, पांढऱ्याला आणि निळ्याला साधारण ३ व्होल्ट. त्याच्या खाली जवळजवळ काहीच नाही. त्याच्या जरा वर गेलं की लोंढा.

आकड्यात सांगायचं तर, साध्या ५ मिलीमीटरच्या पांढऱ्या एलईडीला ३.१ व्होल्टला समजा २० मिलीअँप करंट जातोय. तेच व्होल्टेज ३.३ झालं की करंट दुपटीच्या जवळ जातो. पाव व्होल्टचाही फरक नाही, आणि खेळ खल्लास. कारण असल्या एलईडीची कायमची झेपणारी मर्यादा असते २० ते ३० मिलीअँप.

वर आणखी एक त्रास. एलईडी तापला की त्याचा हा माथा खाली सरकतो, अंशामागे साधारण २ मिलीव्होल्ट. म्हणजे व्होल्टेज तेच ठेवलं तर तापलेल्या एलईडीतून जास्त करंट जातो, जास्त करंट गेला की तो अजून तापतो, अजून तापला की अजून करंट. आपल्याच शेपटीमागे धावणारं कुत्रं. म्हणून एलईडीला "इतके व्होल्ट दे" असं सांगण्यात अर्थ नसतो. त्याला "इतके मिलीअँप दे" असं सांगावं लागतं. व्होल्टेज किती लागेल ते त्याचं तो बघतो.

(पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो, हेही मला आत्ताच कळलं. आत निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप. त्या निळ्या एलईडीसाठीच २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं : इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा. करंट प्रमाणाबाहेर गेला, लेप तापला की निळा वरचढ होतो. आमची प्रभावळ निळी पडली ती म्हणून. तो नवीन इफेक्ट नव्हता, शेवटची घरघर होती.)

मग मिरवणुकीत नेमकं काय झालं?

मामेभावाने तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडून २४ माळा केल्या होत्या. तीन एलईडीचे मिळून ९.३ व्होल्ट, वर १२ व्होल्टचा सप्लाय. उरलेले २.७ व्होल्ट खायला प्रत्येक माळेत १०० ओहमचा एक रेझिस्टर. भागाकार करा : २.७ भागिले १००, म्हणजे २७ मिलीअँप. हे मुळातच जरा जास्त होतं. त्याला ठाऊक होतं, पण "उजेड थोडा जास्त हवा" म्हणून त्याने तसं ठेवलं. मंडपात १२ व्होल्टचा अॅडॉप्टर होता, तो १२ म्हणजे १२च देत होता. चालून गेलं.

टेम्पोची बॅटरी "१२ व्होल्टची" असते हे अर्धसत्य आहे. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर बॅटरी चार्ज करायला लागतो आणि वायरवर १४ व्होल्टच्या आसपास येतात. आमच्या टेम्पोत १४.२ होते, नंतर मीटर लावून बघितलं. आता पुन्हा भागाकार करा. १४.२ वजा ९.३ म्हणजे ४.९. भागिले १००, म्हणजे ४९ मिलीअँप. एलईडीचं स्वतःचं व्होल्टेजही थोडं वाढतं, त्यामुळे प्रत्यक्षात ४० च्या थोडं पुढे. तरी मर्यादेच्या कितीतरी बाहेर.

बघा, सप्लाय वाढला फक्त १८ टक्के. करंट वाढला दीडपटीहून जास्त. कारण रेझिस्टरच्या वाट्याला जे उरतं त्यावर करंट ठरतो, आणि ते उरलेलं आधीच थोडकं होतं.

तुम्ही म्हणाल, मोठा रेझिस्टर लावायचा ना मग! लावू. १४.२ व्होल्टला बरोबर २० मिलीअँप यायला हवे असतील तर २४५ ओहम लागतील. पण इंजिन बंद केलं, बॅटरी उतरून ११.५ वर आली, की त्याच रेझिस्टरमधून जेमतेम ९ मिलीअँप. उजेड निम्म्याहून खाली. म्हणजे एकतर जळणार, नाहीतर मिणमिणणार. सप्लाय स्थिर असेल तर रेझिस्टर उत्तम, स्वस्त आणि पुरेसा. सप्लाय हलता असेल तर तो फक्त तडजोड करतो.

"पण मी तर आर्डुइनोने कंट्रोल करत होतो"

हा मामेभावाचा मुख्य मुद्दा होता, आणि इथेच बहुतेक नवशिके फसतात.

मायक्रोकंट्रोलरची पिन काय करते? ५ व्होल्ट देते किंवा शून्य देते. बस. मधलं काही नाही. आर्डुइनो नॅनोवर जी एटीमेगा३२८पी चिप असते, तिच्या एका पिनमधून ४० मिलीअँप ही चिप खराब होण्याची हद्द आहे. २० च्या आत राहावं, आणि सगळ्या पिना मिळून २०० च्या आत. म्हणून २४ माळा पिनवर चालवता येत नाहीत. त्याने बरोबर केलं, मध्ये एक मॉसफेट टाकला आणि पिनने तो चालू-बंद केला.

मग उजेड कमी-जास्त कसा होतो? पीडब्ल्यूएम. पिन सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होते, नॅनोच्या बहुतेक पिनांवर सेकंदाला ४९० वेळा. त्यातला चालू वेळ जास्त तर उजेड जास्त. डोळ्याला ते फडफडणं कळत नाही, फक्त सरासरी दिसते.

आता नीट लक्ष द्या. निम्म्या उजेडाला एलईडीतून निम्मा करंट जात नाही. पूर्णच करंट जातो, फक्त निम्मा वेळ. म्हणजे ज्या क्षणी मॉसफेट चालू आहे, त्या क्षणी करंट किती हे अजूनही सप्लाय आणि तो १०० ओहमचा रेझिस्टरच ठरवतात. मंडपात श्वास घेणारा इफेक्ट चालू होता, एलईडीला मध्ये मध्ये थंड व्हायला वेळ मिळत होता, म्हणून चूक झाकली गेली. "फुल कर" म्हटल्यावर तीही सवलत गेली.

तपकीर गल्लीतल्या दुकानदार काकांनी हे एका वाक्यात सांगितलं. "अरे, तुझा आर्डुइनो सांगतो कधी. किती, ते कोण सांगणार?"

दोन ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर

काकांनी कागदाच्या मागे जे काढून दिलं ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना फार जुनं आहे. मला मात्र जादू वाटली. साहित्य : प्रत्येक माळेला दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक ३३ ओहमचा रेझिस्टर आणि एक ४.७ किलोओहमचा.

पहिला ट्रान्झिस्टर माळेच्या खालच्या टोकाला, म्हणजे एलईडीमधून आलेला सगळा करंट त्याच्यातून खाली जातो. त्याच्या खाली ३३ ओहम, आणि मग ग्राउंड. नॅनोची पिन ४.७ किलोओहममधून याच्या बेसला जाते. पिन चालू झाली की हा उघडतो आणि करंट वाहायला लागतो.

दुसरा ट्रान्झिस्टर म्हणजे पहारेकरी. त्याचा बेस त्या ३३ ओहमच्या वरच्या टोकाला जोडलेला, एमिटर ग्राउंडला, आणि कलेक्टर पहिल्याच्या बेसला. त्याचं काम एवढंच : ३३ ओहमवर किती व्होल्ट पडलेत ते बघत बसायचं. ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा की बेसवर साधारण ०.६५ व्होल्ट आले की तो जागा होतो. जागा झाला की पहिल्याच्या बेसचा करंट स्वतःकडे ओढून ग्राउंडला सोडतो. म्हणजे पहिल्याचा कान पिळतो, "पुरे आता." करंट कमी झाला की पहारेकरी ढिला पडतो, पहिला पुन्हा उघडतो. ही ओढाताण इतकी झटपट होते की करंट एका जागी येऊन थांबतो.

कुठे? ०.६५ भागिले ३३, म्हणजे १९.७ मिलीअँप.

या भागाकारात १२ किंवा १४.२ कुठेच नाहीत, हे दिसलं का? सप्लाय हिशेबातूनच बाहेर गेला. ११ व्होल्ट असो की १४, करंट तोच. खालची मर्यादा एवढीच की माळेचे ९.३, रेझिस्टरचे ०.६५ आणि ट्रान्झिस्टरला जगायला थोडंसं, मिळून सव्वादहा व्होल्ट तरी हवेत. त्याच्या खाली गेलं की उजेड आपोआप उतरतो, जळत काही नाही.

पिनचं काम पूर्वीसारखंच. चालू केली की २० मिलीअँप, बंद केली की शून्य, आणि पीडब्ल्यूएम दिलं की २० मिलीअँपचेच तुकडे. प्रत्येक माळ पिनमधून फक्त पाऊण मिलीअँपच्या आसपास घेते. नॅनोवर पीडब्ल्यूएमच्या सहा पिना आहेत, म्हणून २४ माळांचे चार-चारचे सहा गट केले. एका पिनवर जेमतेम ३ मिलीअँप. पिन निवांत. शिवाय सहा गट झाल्यामुळे आता उजेड मधून कडेला पसरवता येतो. हा इफेक्ट आधी जमत नव्हता.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पहारेकऱ्याचं ते ०.६५ सुद्धा तापल्यावर अंशामागे २ मिलीव्होल्टने खाली येतं. म्हणजे प्रभावळीच्या आत ३० अंशांनी गरम झालं, तर तो ०.५९ लाच जागा होणार, आणि करंट १८ मिलीअँपवर येणार. जो दुर्गुण एलईडीला मारत होता तोच इथे त्याला वाचवतो. त्यासाठी ट्रान्झिस्टर एलईडीच्या जवळ बसवावे लागतात, दूर डब्यात नाही.

एक गोष्ट विसरू नका. बॅटरीचं मायनस आणि नॅनोचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवं. आमची पहिली चाचणी याच कारणाने फसली आणि आम्ही दोघं अर्धा तास एकमेकांवर खेकसत होतो. नॅनोला बॅटरीवरून थेट पाजायच्या भानगडीतही पडलो नाही. गाडीच्या वायरिंगमध्ये क्षणभराचे मोठे झटके येत असतात. गाडीत मोबाईल चार्ज करायचा साधा यूएसबी चार्जर लावला आणि त्यावर नॅनो चालवला.

हे मोठ्या दिव्याला चालेल का?

नाही. इथे हिशेब फिरतो. आमच्या सर्किटमध्ये १४.२ व्होल्टला ट्रान्झिस्टरवर उरतात सव्वाचार व्होल्ट. गुणिले २० मिलीअँप, म्हणजे ८५ मिलीवॅट उष्णता. बीसी५४७ अर्धा वॅट सहन करतो, प्रश्न मिटला. पण १ वॅटचा पॉवर एलईडी घेतो ३५० मिलीअँप. तो एकटाच १२ व्होल्टवर असा चालवला तर पावणेनऊ व्होल्ट ट्रान्झिस्टरने खायचे. म्हणजे दिव्याला १ वॅट आणि ट्रान्झिस्टरच्या चुलीला ३. अंडं तळा त्याच्यावर.

तिथे बक ड्रायव्हर वापरतात. तो जास्तीचं व्होल्टेज जाळत नाही. कॉइलमधून करंट तुकड्यातुकड्याने सोडतो आणि मोजत राहतो. पीटी४११५ नावाची छोटी चिप यासाठी खूप वापरली जाते. तिच्या मोजणीच्या रेझिस्टरवर ०.१ व्होल्ट पडतील इतका करंट ती धरून ठेवते. मायक्रोकंट्रोलरसाठी तिला 'डिम' नावाची वेगळी पिन असते. चालू-बंद तिथेच करायचं.

एलईडीची वायर मध्ये तोडून चालू-बंद करायचं नाही, हे ठळक अक्षरात लिहायला हवं. कारण करंट ड्रायव्हरचा एलईडी काढून घेतला की तो बिचारा "करंट का जात नाही?" म्हणून व्होल्टेज वाढवत सुटतो, बाहेरचा कपॅसिटर भरून ठेवतो, आणि तुम्ही वायर परत जोडली की तो सगळा साठा एका क्षणात एलईडीवर ओततो. चालू ड्रायव्हरला हाताने एलईडी लावून बघणारे लोक चांगले एलईडी असेच मारतात.

आणि शेकडो एलईडी असतील तर प्रत्येकाला दोन ट्रान्झिस्टर कोण जोडत बसणार? त्यासाठी तयार चिप असतात. टीएलसी५९४० मध्ये १६ वाटा असतात, एकच रेझिस्टर सगळ्यांचा करंट ठरवतो, आणि प्रत्येक वाटेचा उजेड ४,०९६ पायऱ्यांत बदलता येतो. आम्हीही ती वापरू शकलो असतो. पण काका म्हणाले, "आधी हाताने कर, मग चिप घे." मामेभावाने ४८ ट्रान्झिस्टर जोडले. बोट दोनदा भाजलं.

रीलमध्ये काळे पट्टे का येतात?

हा प्रश्न मला मंडळातल्या पोरांनी सगळ्यात जास्त विचारला, कारण त्यांना रील हवी होती. मोबाईलचा कॅमेरा पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. एलईडी सेकंदाला ४९० वेळा विझत असेल तर काही ओळी विझलेल्या क्षणी टिपल्या जातात. तेच काळे पट्टे. उपाय म्हणजे फडफड वाढवा. नॅनोच्या टायमरची सेटिंग बदलून ती सेकंदाला ३,९०० च्या पुढे नेता येते. फक्त ५ आणि ६ नंबरच्या पिनांचा टायमर बदलला की कोडमधलं वेळ मोजायचं घड्याळही बिघडतं. आम्ही ते दोन गट कडेला ठेवले आणि कॅमेरा मधोमध धरा असं सांगितलं. जुगाड आहे, मान्य.

आणखी एक बारीकसा मुद्दा. शून्य ते २५५ मध्ये १२८ दिलं तर डोळ्याला निम्मा उजेड वाटत नाही, बराच जास्त वाटतो. आपला डोळा कमी उजेडात तिखट असतो. निम्म्यासारखं दिसायला ६४ च्या आसपास द्यावं लागतं. कोडमध्ये आकड्याचा वर्ग केला की श्वास खरा वाटतो.

तुमच्या घरातला बल्ब

गावाकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की लाईट डीम व्हायची, ट्यूब पेटायची नाही, हे आठवतंय? आता त्याच व्होल्टेजला चांगला एलईडी बल्ब तसाच उजेड देतो. कारण त्याच्या बुडाशी करंट धरून ठेवणारा ड्रायव्हर बसलेला असतो. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. म्हणजे करंट सांभाळणारे तेवढेच पहारेकरी घराघरात पोचले.

स्वस्त बल्बमध्ये काटछाट होते ती बहुतेक याच पहारेकऱ्यात. कपॅसिटर लहान टाकला की बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मोबाईलचा कॅमेरा जवळ धरून बघा, पट्टे हलताना दिसतील. आणि बल्ब गेला की त्याचं वरचं कव्हर काढून बघितलं तर एखाद्या एलईडीवर काळा ठिपका असतो. सगळे एका माळेत असतात, एक गेला की सगळा बल्ब बंद. बघायचंच असेल तर बल्ब होल्डरमधून काढून, थंड झाल्यावर. आत २३० व्होल्टचा मामला असतो.

यावर्षी विसर्जनाला मामेभाऊ टेम्पोत मीटर घेऊनच बसला होता. इंजिन सुरू व्हायच्या आधी बॅटरी १२.३, सुरू झाल्यावर १४.२. माळेतला करंट दोन्ही वेळा १९ आणि काहीतरी. पोरांनी ढोल थांबवून "ताई, फुल करू का?" असं मला विचारलं, आणि मी "करा" म्हणाले. घाटापर्यंत २४ पैकी २३ माळा पेटलेल्या होत्या. विसावी गेली होती, पण त्यात एलईडीचा काही दोष नव्हता. टेम्पो खड्ड्यात आदळला तेव्हा तिचं सोल्डरिंग सुटलं.